अकरावी नळी

"मेलेल्या पेशीला जेवू घातलं आणि ती ढेकर देऊ लागली, तर साहेब, आधी ताट तपासा."

साहेबांच्या खोलीत शिरताच बाईंनी सुनावलं.

बाई प्रयोगशाळेत तेवीस वर्षं तंत्रज्ञ. पाठीमागे त्यांना 'चाळणी' म्हणत, कारण त्यांच्यातून खडा कधी खाली जात नसे. राग नाकावर. कोणी नाव न लिहिता नळी फ्रीजमध्ये ठेवली, की नळी कचऱ्यात आणि ठेवणाऱ्याची सगळ्या मजल्यासमोर बिनपाण्याने हजामत.

सतरा शोधनिबंध या बाईच्या हातांवर उभे राहिले. एकावरही तिचं नाव नाही. शेवटी बारीक अक्षरात आभार, तेही 'कुशल मदतीबद्दल'. या खेपेस मात्र साहेबांनी लेखकांच्या यादीत तिला चौथी जागा दिली होती. लेकीने ते शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

काम काय, हे बाईंनी लेकीला भाजी चिरता चिरता सांगितलं होतं. "पहारेकरी पेशी जंतू गिळते. पोटातल्या आंबट पिशवीत त्याचे बारीक तुकडे करते आणि एकेक तुकडा अंगावरच्या ओंजळीत धरून दाखवते. लढणाऱ्या पेशींना आख्खा जंतू ओळखू येत नाही, असा चिरलेला तुकडाच लागतो."

"म्हणजे बाबांसारखंच," लेक म्हणाली. "त्यांनाही आख्खी गोष्ट कधी कळत नाही."

साहेबांच्या लशीतलं प्रथिन पेशी असं चिरून दाखवतात का, एवढंच बघायचं होतं. दाखवलं, तर लढणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि नळीतलं पाणी निळं होतं. जिवंत पेशींच्या दहा नळ्या निळ्याशार झाल्या. अकरावीतल्या पेशी बाईंनी आधीच औषध घालून मारल्या होत्या. अशा पेशीला बाहेरून आलेला तुकडा ओंजळीत धरता येतो, पण गिळणं, चिरणं बंद. ती नळी कोरी राहायला हवी होती.

तीही निळी झाली. आपला हात चुकला असेल म्हणून बाईंनी पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. निळीच.

म्हणजे प्रथिन बाटलीतच खराब होऊन त्याचे तुकडे झाले होते. पेशींनी आयते तुकडे धरले होते. स्वतः काही चिरलं असेल, याला आता काडीचा पुरावा नव्हता. महिन्यापूर्वी फ्रीजचं दार दोन दिवस सताड उघडं टाकून गेले होते ते साहेबच. बाटली फेका, असं बाईंनी तेव्हाच बजावलं होतं. साहेबांनी ती पुसून परत ठेवली होती.

"अकरावी नळी नाही दाखवली, तर कोणाचं अडतं, बाई?"

"माझं."

"किती चिडता हो!"

"नवी बाटली मागवा. सहा आठवड्यांत सगळं पुन्हा करून देते."

"सहा आठवड्यांत दुसरा कोणी छापून मोकळा होईल." साहेबांनी आवाज मऊ केला. "आणि तुमचं नाव पहिल्यांदाच येतंय. घरी काय सांगाल? उगाच हातचं घालवू नका."

बाईंना तो दिवस आठवला. अकरावी नळी पहिल्यांदा निळी झाली, ती त्यांनी साहेबांना दाखवली, आणि दुसऱ्याच सकाळी त्यांचं नाव यादीत आलं होतं. तेवीस वर्षं हाडं झिजवून जे मिळालं नाही, ते तोंड शिवायची किंमत म्हणून हातावर ठेवलं होतं. आणि आपण मूर्खासारखं ते घरी नेऊन मिरवलं! तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "सगळ्या लेखकांच्या सह्या झाल्यात. तुमची तेवढी राहिली."

बाईंनी पेन उचललं. साहेब खुर्चीत सैलावले.

बाईंनी चौथं नाव खोडलं. एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत.

"अहो बाई, हे काय करताय! बाई!"

बाईंनी अकराव्या नळीची नोंद असलेली प्रयोगाची वही काखेत मारली, दार उघडलं आणि निघून गेल्या.