जिना उतरायची रीत

"हे पुस्तकात कुठं आहे, तेवढं दाखवा," पोस्टमन म्हणाले.

"सगळंच पुस्तकात असतं का?" मावशींनी विचारलं.

"डोंगरातली माणसं गावचा म्हातारा म्हणेल तिकडं माना डोलावतात, असं पुस्तकात आहे."

"खोटं आहे. विहीर कुठं खणायची यावर चार-चार दिवस बसतात. आधी घराघरातली धाकटी पोर बोलते, म्हातारा सगळ्यांत शेवटी. त्याच्या धाकानं कुणी आपलं मत गिळू नये म्हणून. तुमच्या सपाटीवर तासाभरात हात वर करायचे आणि पुढं पाच वर्षं भांडायचं."

वाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी सकाळी निवृत्त मंडळींचा चर्चागट भरे. यंदाचा विषय होता डोंगरपट्टा आणि सपाटी, दोन्हीकडचा समाज आणि राजकारण. गटाचा नियम मोठा खट्याळ. ज्यानं त्यानं आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या मुलखाची वकिली करायची. म्हणून डोंगरातून आलेले पोस्टमन सपाटीची बाजू लढवत होते आणि शिवणवाल्या मावशी डोंगराची.

पाणी मुरत होतं ते तिथंच. मावशी डोंगरातल्याच होत्या.

लग्न होऊन खाली आल्या त्या दिवशीच सासूनं बजावलं होतं, इथं डोंगरी म्हणजे अडाणी. माहेर विचारलं तर नदीपलीकडचं सांग. आणि जिना असा आडवा उतरू नकोस, लोक हसतात. उतारावर पाय घसरू नये म्हणून डोंगरातली माणसं अंग आडवं करूनच उतरतात. मावशींनी ती सवय मोडली, बोलण्यातला हेल मोडला. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले. गिऱ्हाइकं डोंगऱ्यांवर विनोद करायची, तेव्हा मावशी ओठांत टाचण्या धरून ठेवत. टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही. डोळे दमले, मशीन झाकलं आणि त्या गटात आल्या, तेव्हा नावापुढं 'सपाटी' लिहिलं. म्हणून तर डोंगर वाट्याला आला. आठ आठवडे जपून पुस्तकातलंच बोलल्या. आज जीभ सुटली.

पोस्टमननी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"धाकट्यानं आधी बोलायचं, हे खरंय," ते हळू म्हणाले. "पण फक्त खिंडीवरच्या चार गावांत. माझा जन्म तिथला. तुम्ही कुणाकडून ऐकलंत, ताई?"

गिऱ्हाइकानं सांगितलं, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मावशींनी तोंड उघडलंही. पण चाळीस वर्षांच्या थापांना आता आणखी एक ठिगळ लावायचा कंटाळा आला.

"ऐकलं नाही, भाऊ. विहिरीच्या बैठकीत आमच्या घरची धाकटी मीच होते. खालच्या अंगाला खणा म्हटलं."

"मग?"

"तिथंच पाणी लागलं."

गट चालवणाऱ्या ग्रंथपालबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणजे मावशी आठ आठवडे आपल्याच घरची वकिली करत होत्या, असा नियमभंग गटात आजवर कुणी केला नव्हता. माडी हसली. मावशी ज्या हसण्याला आयुष्यभर भ्यायल्या, ते हे नव्हतंच. त्याही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मग पुढच्या गुरुवारी सपाटीच्या बाजूला ना?" बाईंनी वही उघडत विचारलं. "पोस्टमनभाऊंच्या शेजारी बसवू?"

"बसवा की," म्हणत मावशींनी चष्मा पिशवीत टाकला आणि त्या बाहेर पडल्या. जिन्याच्या तोंडाशी जरा थांबल्या. मग अंग आडवं केलं आणि एकेक पायरी उतरू लागल्या. एरवी जिन्यावर कुरकुरणारा गुडघा आज कुरकुरला नाही.