आंब्यावरचा कर्णा

तमाम नागरिकांना कळवण्यात येते की, गोवा घटक राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, तरी पेडण्यात माझी गिटार कुणालाच ऐकू येत नव्हती. दोष अर्थातच अ‍ॅम्प्लिफायरचा! जत्रेच्या नाटकात वाजवायची संधी त्यापायी हुकत होती, म्हणून म्हापशाहून आवाज वाढवणारं बूस्ट पेडल आणलं.

मांडववाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर नुसती घरघर झाली, बँडवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर शिट्टी. शेवटी देवळातल्या भजनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून पेडल दाबलं, आणि आंब्यावरच्या कर्ण्यातून माझा सूर न् सूर स्वच्छ गावभर पोचला!

“पोर गुणी, मशीन वाईट,” असं सांगत माझी बाजू घेणारे एकटे पेटीवाले काका डोळे मिटून ऐकत होते. जत्रेला मी फक्त पडदा ओढला. काकांच्या तोंडून निसटलंच होतं, “इतके दीस आयकूं येनासलें, तेंच बरें आसलें मरे!”