डिंप्ना रुएनला हाक

आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या किलनावर गावात डिंप्ना रुएनला गप्प करायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला. पहिला मान पाद्रीबाबांचा. त्यांनी चर्चचा हॉल तिच्या बँडला द्यायला साफ नकार दिला, आणि वर रविवारच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर सांगितलं, की काही मुलींनी माशांच्या कारखान्यातली नोकरी नीट करावी, बोकडासारखं ओरडू नये. डिंप्ना तेव्हा विशीतही नव्हती. प्रार्थना संपल्यावर ती चर्चच्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "फादर, ऐकायला आला होतात तर सांगायचं ना. पुढची जागा ठेवली असती." तिच्या आईला पुढे महिनाभर दुसऱ्या गावच्या चर्चला जावं लागलं.

हॉल गेला तर गेला. बँडची पोरं हँडबॉलच्या, म्हणजे भिंतीवर हातानं चेंडू मारायच्या खेळाच्या, जुन्या चौकात गाऊ लागली. तीन बाजूंनी उंच सिमेंटच्या भिंती, डोक्यावर आभाळ, पलीकडे समुद्र. ड्रम वाजवणाऱ्या फिंटन डर्कनच्या बापाचं मटणाचं दुकान समोरच होतं. तिथून वायर ओढून वीज घेतली. दुकानातलं खिम्याचं यंत्र सुरू झालं की इकडे गिटार मरायची. डिंप्ना मात्र थांबायची नाही. ती नुसत्या गळ्यानं गात राहायची आणि त्या भिंती तिचा आवाज उचलून अख्ख्या गावावर फेकायच्या. घरी परतताना रोज पावसानं सगळे चिंब, म्हणून बँडचं नाव पडलं 'वेट डॉग्ज'.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं तिनं कारखान्यात मासे साफ करताना रचलं होतं. दिवसभर बर्फाच्या पाण्यात बोटं गारठायची आणि मुकादम खिशात हात घालून फिरायचा. "मुकादम, तुझे हात कोरडे कसे?" एवढीच त्या गाण्याची धृपदाची ओळ, आणि त्यावरूनच गाण्याचं नाव 'कोरडे हात'. ती ओळ गावातल्या प्रत्येक पोरीच्या तोंडी गेली, आणि डिंप्नाची नोकरी गेली.

त्याच गाण्याची एक रेकॉर्ड निघाली, मग लंडन. तिथे रेकॉर्ड कंपनीच्या साहेबानं तिला कौतुकानं समोर बसवलं आणि दोन गोष्टी सुचवल्या. एक, डिंप्ना हे नाव कुणाला झेपणार नाही, ते बदलू. दोन, उच्चार फार गावठी आहेत, ते सुधारू. "माझं नाव तुम्हाला झेपत नसेल तर गाणं काय कपाळ झेपणार?" असं म्हणून ती उठली. तिला परत खाली बसवायला फिंटननं तिची बाही ओढली होती, हे तो आजही कबूल करतो. दुसरी रेकॉर्ड निघालीच नाही. जर्मनीतल्या बारांत, हॉलंडच्या जत्रांत, एका कुबट वासाच्या व्हॅनमधून फिरून वेट डॉग्ज शेवटी गावी परत आले. डिंप्ना शाळेची बस चालवू लागली आणि शनिवार-रविवार लग्नांत, मेळ्यांत, लॉरीच्या पाठीवर उभ्या केलेल्या रंगमंचावर गात राहिली. यात हरल्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलं नाही. ज्यांना वाटायचं त्यांची पोरं तिच्याच बसमध्ये असायची, त्यामुळे ते तोंड आवरून बोलत.

एकच जागा अशी होती, जिथे डिंप्ना कधी गायली नव्हती. लोफ्टसचा पब.

रविवारी दुपारी, प्रार्थना आटोपली की लोफ्टसकडे गाणारी मंडळी जमत. वाद्यं नाहीत, माइक नाही. नियम एकच, आणि तो पाद्र्याच्या शब्दाहून पक्का: ज्याचं गाणं संपलं त्यानं पुढच्याला नावानं हाक द्यायची. हाक आली की नकार देता येत नाही. गाता येत नसेल तर कविता म्हणा, गोष्ट सांगा, पण उठायचं. आणि हाकेनंतर सगळ्यांनी गप्प राहायचं. जुन्या गाण्यात कुणी फार रंगलं, तर शेजारचा माणूस गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसा हळूहळू फिरवत राहतो, गाणं संपेपर्यंत.

या बैठकीचा कर्ताधर्ता म्हणजे डिंप्नाचा बाप, कोलमन रुएन. आयरिश भाषेतली जुनी गाणी त्याच्याकडे इतकी, की बाहेरगावची माणसं टेप घेऊन यायची. लंडनला जाण्याआधी डिंप्ना एकदा मुद्दाम बँडचं जॅकेट घालून त्याच्या समोर बसली. कोलमननं गाणं संपवलं, खोलीभर नजर फिरवली, लेकीवर क्षणभर थांबवली आणि हाक दिली आज पब चालवणाऱ्या बर्नी लोफ्टसच्या काकाला, बहिऱ्या मायलोला. मायलोला हाक आल्याचं कळायलाच वेळ लागला.

त्यानंतर त्यानं तिला कधीच हाक दिली नाही. आणि कोलमनसमोर दुसऱ्या कुणाची छाती झाली नाही. तिची ती एकुलती रेकॉर्ड घराघरांत होती, पण लोफ्टसकडे तिचं नाव कुणी घेत नसे. दुसरी असती तर जाणं सोडलं असतं. डिंप्ना गावात असली की दर रविवारी जायची, शेगडीजवळच्या बाकावर बापाच्या बरोबर समोर बसायची, आणि तिच्याकडे बघितल्याशिवाय त्याला गाताच येऊ नये याची व्यवस्था करायची. बापानंही तिचा एकसुद्धा कार्यक्रम पाहिला नाही. दोघं एकाच मातीचे, दुसरं काय.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज फाटला. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "गायल्यानं बिघडणार काही नाही. पण गाण्याजोगं काही उरलेलंही नाही." ती बस चालवू लागली. पोरांना दटावताना आता खरखर यायची, आणि पोरं पूर्वीपेक्षा जास्त घाबरायची.

ऑगस्टमधल्या गावच्या उत्सवाची पोस्टरं लागली, ती तिनं फिंटनच्या दुकानाच्या काचेवर पाहिली. शनिवारी वेट डॉग्ज. खाली अ‍ॅथलोनच्या कुणा कोवळ्या मुलीचं नाव आणि हसरा फोटो.

ती आत शिरली. बापामागे दुकान सांभाळणारा फिंटन चॉप्स तोडत होता.

"हे काय आहे?"

"डॉक्टर म्हणाले ना, डिंप्ना..."

"डॉक्टर तुला म्हणाले?"

"उत्सव समितीचा जार्लथ म्हणाला. समितीला वाटलं, तुला त्रास नको. उत्सवाची फीत तू कापणार आहेस की."

"कात्री तुलाच ठेव, फिंटन. मटणाला लागेल."

ती बाहेर पडली खरी, पण बसमध्ये बसल्यावर किल्ली फिरवायला तिला बराच वेळ लागला. तिनं खालच्या आवाजात 'कोरडे हात' म्हणून पाहिलं. पहिल्याच चढाला आवाज तुटला. तेव्हा प्रथमच तिला भीती वाटली, की ही सगळी माणसं बरोबर असतील.

रविवारी ती लोफ्टसकडे गेली, सवयीनं म्हणा की हट्टानं. फिंटन होता, बँडमधले गिटारवाले दोघे भाऊ होते, समितीचा सचिव जार्लथ टिमलिनही टाय लावून आला होता. कोलमन आता काठी घेऊन चालायचा, पण आवाज शाबूत. तो गात असताना बर्नीनं त्याचा हात धरून फिरवत ठेवला. शेवटची ओळ, रीतीप्रमाणे, कोलमननं न गाता नुसती बोलून टाकली. मग त्यानं डोळे उघडले.

"डिंप्ना रुएन," तो म्हणाला.

ग्लास जिथल्या तिथे थांबले.

"आता?" डिंप्नाचा आवाज फरशीवर खुर्ची ओढल्यासारखा आला. "आता बोलावतोस, बाबा? गळा होता तेव्हा बहिरा मायलो चालला तुला. दयेनं दिलेली हाक मला नको."

"दया कसली? तेव्हा तुला हाकेची गरज नव्हती. हँडबॉलच्या चौकातून तुझा आवाज माझ्या गोठ्यात यायचा. गाईंना पाठ होती तुझी गाणी."

"मग तेव्हा सांगायचंस!"

"सांगायला हवं होतं." म्हातारा काठीची मूठ चोळत राहिला. "मला राग होता. माझं एकही गाणं तू घेतलं नाहीस."

"तू दिलंस कुठे? एक हाक दिली असतीस, तर उठून तुझंच म्हटलं असतं."

कोलमननं काठी फरशीवर टेकवली. तो एवढंच म्हणाला, "हाक दिली आहे. नियम तुला ठाऊक आहे."

"कोलमन, जाऊ द्या हो," जार्लथ मध्ये पडला. "बिचारीला कशाला उगीच..."

बिचारी! पाद्रीबाबांनी बोकड म्हटलं होतं, लंडनच्या साहेबानं गावठी म्हटलं होतं, पण बिचारी तिला अजून कुणी म्हटलं नव्हतं. डिंप्नानं ग्लास खाली ठेवला आणि उठली.

बापाचं गाणं तिनं घेतलं नाही. तिनं 'कोरडे हात' काढलं. पूर्वी ज्यावर लॉरी हलायची ते गाणं तिनं इतकं सावकाश धरलं, की एकेक शब्द बर्फाच्या पाण्यातून वर काढावा लागत होता. आवाज खरबरीत, दोन ठिकाणी चिरलेला. चढ आला तिथे सूर नव्हताच. तिनं तो टाळला नाही. तोंड उघडं ठेवून ती तशीच उभी राहिली, नुसता श्वास आला, आणि जो सूर नव्हता तो तिथे बसलेल्या प्रत्येकानं ऐकला. बर्नीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कारखान्यात मासे साफ करायला तीही होती.

दुसऱ्या कडव्याला कोलमन काठीवर भार देत उठला, तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं तिचा हात हातात घेतला. रॉकच्या गाण्याला असा हात कुणी कधी धरला नव्हता. तो फिरवत राहिला, ती गात राहिली. शेवटची ओळ तिनं नुसती बोलून टाकली, जार्लथकडे बघून.

कुणी टाळी वाजवली नाही. आता हाक तिची होती.

"फिंटन डर्कन," ती म्हणाली. "आणि तुम्ही दोघे भाऊ. शनिवारी, लॉरीवर. माझ्या मागे."

जार्लथ उठला. "अहो, असं कसं? त्या मुलीचं ठरलंय. पोस्टरं छापून झाली!"

"येऊ दे की पोरीला. माझ्या शेजारी उभी राहील, शिकेल काहीतरी. पोस्टरवर पेनानं लिही माझं नाव. स्पेलिंग अडलं तर बसमधल्या पोरांना विचार."

सगळे फिंटनकडे बघू लागले. लोफ्टसकडे हाक मोडून बाहेर गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. फिंटन लाल झाला, घसा खाकरला.

"कोणत्या पट्टीत?" त्यानं विचारलं.

"खालच्या. मी पोचेन तिथे."

कोलमननं तिचा हात अजून सोडला नव्हता. "आणि ड्रम जरा हळू बडव, फिंटन," तो म्हणाला. "शनिवारी मला एक खुर्ची ठेवा. पुढे."

"पुढची जागा कधीची ठेवली आहे, बाबा," डिंप्ना म्हणाली. "तूच उशिरा आलास."