भाड्याच्या टबावर नारळ

काय सांगू तुम्हाला, खरं बोलून माणूस किती मोठा गाढव ठरू शकतो, ते मी आखातातल्या अल ऐनमध्ये सिद्ध करून दाखवलंय!

इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं तेव्हा घरातल्या थोरांनी सभा भरवली आणि मला मामाकडे रवाना केलं. का, तर मामा "वळण लावेल"! मामा कोण? ऑफिसात अरब साहेबापुढे "येस सर, येस सर", घरात हुकूमशहा.

वर्षानुवर्षं बॅचलर खोल्यांत काढून त्याने नुकताच फ्लॅट भाड्याने घेतला होता. मामी चिपळूणहून आली. नव्या घरात नारळ फोडायचा. उंबरठा? नाहीच! ओट्याला मामी हात लावू देईना.

"बाथरूममधल्या टबाच्या कडेवर फोड रे."

"मामा, टब मालकाचा आहे."

"कॉलेज सोडलेल्यांनी अक्कल शिकवू नये!"

हाणला. नारळाला ओरखडा नाही, टब मात्र उभा चिरला! सकाळी आमच्या आंघोळीचं पाणी खालच्यांच्या छतातून ठिबकायला लागलं. मालकाचा निरोप आला: आठवड्यात दुरुस्त करा नाहीतर फ्लॅट सोडा, खलास. मामीने अजून बॅगासुद्धा उघडल्या नव्हत्या हो! तशीच पुन्हा चिपळूणला जायचं म्हणून ती डोळे पुसत बसली.

एक बरं होतं. ऑफिसने मागे लागून मामाला इन्शुरन्स काढायला लावला होता. भाड्याच्या घराचं चुकून काही नुकसान झालं, तर भरपाई मिळणार. पण मामाला सरळ बोलायचं वावडं!

"सांगायचं, तू टबात घसरून पडलास."

"मी?"

"मग काय मी पडू? बांध डोक्याला पट्टी."

इन्शुरन्सवाला आला. हैदराबादी गृहस्थ. त्याने टब पाहिला, मग माझं डोकं.

"इस सर से ये टब टूटा?"

"मजबूत है साब," मामा म्हणाला. "इसके अंदर कभी कुछ गयाच नहीं."

माझं टाळकंच सटकलं. पट्टी भिरकावली. "झूठ! नारियल फोडा मैंने. मामाने बोला था!"

मामा पांढराफटक. इन्शुरन्सवाला मात्र खो-खो हसला. "तो येइच बोलना था मियाँ! तोडना था नारियल, टूटा टब. ॲक्सिडेंटीच है. हो जाएगा, इन्शाल्ला."

मामीचा चेहरा असा उजळला! आणि माझी छाती ही एवढी फुगली. बघा, या म्हाताऱ्यांना थापा मारल्याशिवाय अन्न पचत नाही!

तिथे गप्प बसायचं ना? पण नाही. मला अजून खरं बोलायचं होतं!

"साब, जोर से माराच नहीं था. देखो, बस इतना..."

तोच नारळ उचलला आणि वॉशबेसिनवर हलकेच टेकवला.

खळ्ळ! अर्धं बेसिन भिंतीवर, अर्धं इन्शुरन्सवाल्या साहेबांच्या बुटांवर. नारळ शाबूत.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "टब कंपनी का. बेसिन आपका."

मामी तोंडात पदर कोंबून हसत होती. मामाने माझ्याकडे न बघताच विचारलं,

"साब, भांजे का इन्शुरन्स मिलता है क्या?"

साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मिलता है. मगर जो पहले से टूटा हुआ है, उसका नहीं."