लो गिअर बायकांसाठी

माझा मेहुणा हेइक्का उत्तर नॉर्वेतल्या आमच्या कौतोकेइनो गावात स्वतःला क्लचचा डॉक्टर म्हणवून घेतो. त्याच्या हातचा रोगी वाचल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. कुणाची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटरगाडी, कुरकुरली की हा न बोलावता हजर. बॉनेट उघडायचं, क्लचच्या रबरी पट्ट्यावर बोट फिरवायचं, बोट हुंगायचं आणि मान हलवायची.

"पट्टाच भंगार आलाय. हल्ली चांगलं रबर मिळतं कुठं?"

एवढं झालं की कॉफी मागायची.

त्याच्या स्वतःच्या गाडीला तर कायम जळक्या रबराचा वास. त्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं रिस्टेननं, जन्मात जेवढे हातमोजे वापरले नसतील तेवढे पट्टे यानं एका हिवाळ्यात जाळले. कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मागं ओढायला सामानानं भरलेली स्लेज, खाली ओला बर्फ, आणि हा मुंगीच्या पावलानं चालणार, तेही हाय गिअरमध्ये. मग क्लच पट्ट्याला नीट धरत नाही, पट्टा घसरतो, तापतो, कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि एक दिवस तुटतो. गिअरची दांडी लोवर ओढली की काम भागतं. पण या शहाण्याचं ठरलेलं, "लो गिअर बायकांसाठी."

"मग वापर की, तुला शोभेल," मी एकदा म्हणाले.

"ताई, तुम्ही रेनडिअर सांभाळा. यंत्राचं माझ्यावर सोडा."

त्या वर्षी भर हिवाळ्यात पाऊस पडला आणि गोठला. रेनडिअर ज्यावर जगतात ते खालचं शेवाळ बर्फाच्या कवचाखाली गेलं. रिस्टेनचा अर्धा कळप उपाशी मेला. उरल्या त्या गाभण माद्या. नदीवरचा बर्फ फुटायच्या आत त्या पलीकडच्या कुरणात पोचल्या तर पाडसं जगणार होती. नाहीतर आमच्या आजीपासून चालत आलेली, जनावराच्या कानावर कापायची रिस्टेनची मालकीची कानखूण त्या कळपाबरोबरच संपणार होती.

कळप न्यायची आमची रीत साधी आहे. पुढच्या गाडीला एक माणसाळलेला नर दोरीनं बांधायचा आणि हळूहळू चालायचं. तो चालतो तोवर सगळे मागं येतात. तो फार वेळ थांबला की कळप माघारी फिरतो. पुढं कोण, यावर हेइक्का छाती काढून म्हणाला, "घरात पुरुष असताना विचारायचं काय?" रिस्टेननं नराची दोरी स्वतःच्या हातानं त्याच्या गाडीला बांधली. मला तिचाही राग आला.

नदीच्या मधोमध पट्टा फाटकन तुटला. मी कळपाच्या कडेनं चालले होते, तिथवर आवाज आला. हेइक्कानं बॉनेट उघडलं, बोट लावलं, हुंगलं. अशा वेळीही!

"पट्टाच भंगार..."

"जादाचा काढ," मागून आपल्या गाडीवर आलेली रिस्टेन म्हणाली.

त्यानं सीटखालून काढला तो मागच्या वेळी जाळलेला, कडा चकाकणारा. अजून चालेल म्हणून जपून ठेवलेला! नवा कोरा पट्टा घरी खुंटीवर, आल्यागेल्याला दाखवायला. जुना चढवला, गाडी चार हात सरकली आणि बॉनेटमधून धूर निघाला. बर्फावर पाणी चढत होतं. मागच्या माद्यांनी तोंडं फिरवली होती.

रिस्टेननं नराची दोरी त्याच्या गाडीपासून सोडली, आपल्या गाडीला बांधली आणि दांडी लोवर ओढली.

"अगं थांब जरा! थंड होऊ दे!"

"होऊ दे. तूही हो."

नर चालला, त्याच्यामागं कळप चालला. हेइक्का गाडी सोडून पाण्यातून फचफच करत आमच्या मागं आला. मागं बर्फ फुटला आणि त्याची गाडी नदीनं नेली. पाडसं पलीकडच्या कुरणात जन्मली.

दुकानात तो अजून सांगतो, "मीच तिला पुढं केलं. पट्टा भंगार निघाला ना!" लाज नावाची चीज या माणसाला बनवताना घालायचीच राहिली असावी.

पुढच्या वसंतात पुढं कोण, हे कुणी कुणाला विचारलं नाही. रिस्टेननं नर आपल्या गाडीला बांधला. गाडी नसलेला आमचा डॉक्टर तिच्या स्लेजवर, तंबूच्या गाठोड्यांवर बसला. पहिल्या चढाला तिनं दांडी ओढली.

"लो टाकलास?" तो मागून म्हणाला.

"हो. बायकांसाठीचा आहे. उतरायचं असेल तर उतर."

त्यानं गाठोडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.