वामनरावांचं विमान

छापलेल्या बातमीचं आयुष्य फार तर दोन दिवसांचं. तिसऱ्या दिवशी तिच्यात भजी बांधली जातात. छापता न आलेलं मात्र डोक्यात साठत राहतं, आणि वार्ताहराचे केस पांढरे झाले की चार माणसांत बसल्यावर ते एकामागून एक बाहेर पडू लागतं. बुलढाण्यात हल्ली कोणीही परदेशी सहलीचं पत्रक घेऊन माझ्याकडे येतो आणि विचारतो, "भाऊ, जाऊ का? काय काय असते तिथं?" मी पत्रक वाचत नाही. मी त्याला नेपाळ सांगतो.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. पुण्याच्या एका सहल कंपनीने आमच्या जिल्ह्यात पत्रकं वाटली. 'परदेश पाहा! पाटणा ते काठमांडू विमानाने! रोज महाराष्ट्रीय भोजन! हिमालयाचे दर्शन!' चार वाक्यं आणि चार उद्गारचिन्हं. त्यातली चिन्हं तेवढी खरी निघाली.

मी स्वतःच्या खर्चाने गेलो होतो, हे आधीच सांगून ठेवतो. फुकट नेलेल्या वार्ताहराला तोंड उघडायचा अधिकार नसतो.

* * *

जानेफळच्या वामनरावांसाठी ही सहल म्हणजे विमान. पशुपतिनाथ, हिमालय वगैरे त्यांच्या मते वाटेत लागणाऱ्या गोष्टी होत्या. जानेफळात तोवर विमानात कोणीच बसलेलं नव्हतं.

त्यांचे शेजारी सदाशिवराव शाळेपासून त्यांच्या एक पाऊल पुढे. गावातली पहिली सायकल सदाशिवरावांची, पहिला रेडिओ त्यांचा, विहिरीवरचं पहिलं इंजिनही त्यांचंच. वामनरावांकडे सगळं आलं, पण दुसरं आलं. विमान तेवढं पहिलं होणार होतं.

निघायच्या दिवशी मारुतीच्या पारावर सत्कार झाला. हार, नारळ, डफडं. अंजनाबाई, म्हणजे वामनरावांच्या पत्नी, नवं हिरवं लुगडं नेसून शेजारी उभ्या होत्या. सदाशिवरावांनी मित्राच्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय बे वामन, वरतून आमी दिसू काय तुले?"

हारांचा भर माणसाच्या डोक्यात जातो. वामनराव बोलून गेले, "गुरुवारी दुपारी वर पाह्यजो. हात दाखवीन."

विमान पाटण्याहून सुटून उत्तरेला जाणार होतं. जानेफळ कुठल्या कुठे मागे राहणार होतं. पण पारावर हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. अंजनाबाई फक्त म्हणाल्या, "बोलून तं बसले."

आमच्या साप्ताहिकाने लगेच जोडप्याचा फोटो छापला: 'विमानाने नेपाळला रवाना.' त्या वेळी हे जोडपं मलकापूरच्या फलाटावर ट्रंकेवर बसून पॅसेंजरची वाट पाहत होतं. मथळा माझ्या सहसंपादकाचा. माझं त्याच्याशी या विषयावर आजही पटत नाही.

* * *

गुरुवारी पाटण्याच्या विमानतळावर धुकं होतं. विमान समोर उभं होतं. उडणार नव्हतं.

कंपनीचे व्यवस्थापक देवधर म्हणाले, "हे पाहा, हवामान काही आपल्या हातात नसतं."

मी म्हणालो, "पत्रक तुमच्या हातात होतं ना?"

दुपारपर्यंत आमचा वाद चालला. देवधरांनी पत्रकाच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं दाखवली. हवामान व अन्य कारणास्तव कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीचा! मी म्हणालो, मोठी अक्षरं आमच्यासाठी आणि बारीक अक्षरं तुमच्यासाठी, हा कुठला न्याय? देवधरांनी चष्मा पुसला. ते वाद हरत आले की चष्मा पुसत.

वामनराव या भांडणात नव्हतेच. ते कठड्याला धरून विमानाकडे बघत उभे होते. शेवटी देवधरांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "उडलं नाही तं नाही उडलं. नुसतं बसून उतरता येते काय?"

पहारेकऱ्याने नाही म्हटलं. आम्ही बोटीने गंगा ओलांडली आणि छोट्या रेल्वेगाडीने सरहद्दीवरच्या रक्सौलला गेलो.

* * *

परदेशी सहलीत परदेश कुठे सुरू होतो ते नीट विचारून घ्या. आम्हाला वाटलं होतं मोठी भिंत असेल, तोफ असेल. रक्सौलहून टांग्याने निघालो, एक पूल लागला, एक कमान लागली, आणि देवधर म्हणाले, "झालं, आलं नेपाळ."

वामनराव खाली उतरले. माती हातात घेऊन पाहिली. "हे तं आपल्यासारखंच हाये," म्हणाले.

तेवढ्यात अंजनाबाईंना आठवलं की पाण्याचा तांब्या पलीकडे रक्सौलच्या ओट्यावर राहिला. कोणी काही म्हणायच्या आत त्या चालू लागल्या. पूल ओलांडून भारतात गेल्या, तांब्या घेतला, परत नेपाळात आल्या. शिपायाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

देवधर चिडले. "बाई, असं न सांगता परदेशातून जायचं नसतं."

"गेली कुठं? तांब्या आणाले गेली होती," अंजनाबाई म्हणाल्या. "तुमचं पत्रक एकदा परदेस म्हणते. माहे तं दोन झाले."

* * *

महाराष्ट्रीय भोजनाबद्दल मी सविस्तर लिहिणार नाही, लिहिलं तर सभ्यतेत बसणार नाही. कंपनीचा आचारी वरणात गूळ घालत असे. चिमूटभर नव्हे. आमच्यात जळगाव जामोदचे कापडाचे व्यापारी रहीमशेठ होते, शांत माणूस. पहिल्या घासाला त्यांनी वाटी उचलून देवधरांपुढे ठेवली आणि अदबीने विचारलं, "देवधरसाहब, हे जेवणाच्या आधी खायाचं का नंतर?"

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक अंजनाबाईंनी हातात घेतला. ज्वारीचं पीठ प्रत्येकाच्या ट्रंकेत होतंच. पुण्याचा आचारी परातीपुढे बसून भाकरी थापायला शिकला. देवधर पाच-सहा दिवस ठेच्याला नावं ठेवत होते. मग एकदा त्यांनी मागून घेतला आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "आमच्याकडे याला चटणी म्हणतात."

"तुमच्याकडं त्यात गूळ असन," रहीमशेठ म्हणाले.

* * *

हिमालयाचं दर्शन पहाटे असतं. टेकडीवर नेऊन थंडीत उभं करतात. आम्ही उभे राहिलो. सूर्य उगवला असावा, कारण धुकं काळ्याचं पांढरं झालं. देवधरांनी हात लांब करून सांगितलं, "या ढगांच्या मागे हिमालय आहे."

वामनराव घोंगडीतून म्हणाले, "असन. आमच्या जानेफळच्या ढगामागं बी असन."

लोणारचे काळे मास्तर सहलभर एकच वाक्य बोलत आले होते. देऊळ दाखवा, दरी दाखवा, मास्तर म्हणत, "आमचं सरोवर पाहा. आकाशातून दगड पडला आणि झालं." त्या दिवशीही ते बोललेच, पण जोडून असंही म्हणाले, "आणि आमचं दिसतं तरी."

मी देवधरांना विचारलं, पत्रकात 'ढगामागच्या हिमालयाचे दर्शन' असं का नाही छापलं? त्यांनी चष्मा पुसला.

* * *

वामनरावांची आशा परतीवर होती. देवधरांनी शब्द दिला होता की येताना विमानच. वामनराव रोज काठमांडूच्या आकाशाकडे बघत. निरभ्र असलं की दोन भाकरी जास्त खात.

परतायच्या दिवशी आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. आणि आमच्या जागा कुठल्यातरी गोऱ्या पाहुण्यांना दिल्या गेल्या होत्या. देवधर स्वतः हे सांगायला आले नाहीत, आचाऱ्याला पाठवलं! मी त्यांना खोलीतून बाहेर काढलं आणि जे बोलायचं ते बोललो. त्या कंपनीवर मी पुढे तीन लेख लिहिले, ते वाचनालयाच्या जुन्या अंकांत मिळतील. पण लेखांनी विमान मिळत नसतं.

आम्ही आलो तसेच परत मोटरीत बसलो. घाटात सगळे ओकत होते. वामनराव ओकले नाहीत. ते खिडकीतून वर बघत होते. वर एक विमान चाललं होतं.

* * *

नेपाळात परदेशी माल मिळे. टेरिलिनचे सदरे म्हणजे त्या काळी सोनंच. देवधरांनी बजावलं होतं, अंगावर असेल ते चालतं, पेटीतलं चालत नाही. काळे मास्तरांनी ते शब्दशः घेतलं.

रक्सौलच्या जकात नाक्यावर भर दुपारी मास्तर उतरले ते पिंपासारखे. सदऱ्यावर सदरा, त्यावर सदरा. अधिकारी बिहारी, वयस्क. त्याने मास्तरांकडे शांतपणे पाहिलं. विचारलं, "ठंड लग रही है?"

मास्तर म्हणाले, "हां, बहुत."

"बैठिए, बैठिए." त्याने शिपायाला सांगून मास्तरांचा बाक उन्हात हलवला. वाफाळता चहा मागवला. मग दुसरा मागवला. मोठ्या आपुलकीने गाव विचारलं, घरचं विचारलं, शाळेचं विचारलं. मास्तर शिक्षणपद्धतीवर बोलू लागले. तिसरा चहा आला तेव्हा मास्तरांनी वरचं बटण काढलं. मग वरचा सदरा काढला. मग त्याखालचा.

अधिकारी म्हणाला, "अब लोणार के सरोवर के बारे में बताइए."

मास्तर गप्प बसले. उभ्या सहलीत एवढंच एकदा.

* * *

घरी परतायच्या गाडीत वामनरावांनी आम्हा सगळ्यांना हात जोडले. म्हणाले, "सदाशिव स्टँडवर हार घेऊन उभा राहीन. कोणी इचारलं तं विमानानं गेलो एवढंच म्हणजा. माही एवढीच गोष्ट ठेवा."

रहीमशेठ म्हणाले, "वामनभाऊ, मी तं खिडकीची जागा बी तुमालेच देऊन टाकतो."

मास्तरांनी मान डोलावली. राहिलो मी. मी सांगितलं, आमच्या अंकात चूक छापली गेली आहे, तिची दुरुस्ती मी छापणार. त्याला इलाज नाही. वामनराव म्हणाले, "छापा न. पण सत्कार होऊ द्या आधी."

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. अंजनाबाई तांब्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मी आपल्या मनानं काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मले कोणी इचारलं, तं खरं सांगीन."

वामनरावांना हायसं वाटलं. "तुले कोण इचारते?"

दुरुस्ती मी त्या गाडीतच लिहून ठेवली. ती आजवर छापलेली नाही. का, ते आता सांगतो.

* * *

मेहकरहून मी त्यांच्यासोबत जानेफळला गेलो. एस.टी. थांबली तर स्टँडवर ही गर्दी. कोणी विचारत होतं, "आमी दिसलो का?" कोणी नुसताच हात हलवून हसत होतं. वामनरावांना ती थट्टा वाटली. ते हसून पुढे गेले. चेहरा मात्र उतरला होता.

पारावर तेच डफडं, तेच हार. सदाशिवराव बोलायला उठले. गावाची मान उंच झाली वगैरे रीतीचं सगळं बोलले. वामनरावांनी मान खाली घालून ऐकलं. एवढ्यावर निभावलं असतं. पण बसता बसता सदाशिवराव अंजनाबाईंकडे वळले.

"वहिनी, तुमी सांगा. विमानात भेव वाटलं का?"

वामनरावांनी डोळे मिटून घेतले.

अंजनाबाई उभ्या राहिल्या. पदर नीट केला. "विमान उडलंच नाही," त्या म्हणाल्या. "आमी मोटरीनं गेलो न मोटरीनंच आलो."

डफडेवाल्याने डफडं खाली ठेवलं. वामनराव गळ्यातल्या हाराचं एक एक फूल चुरगाळत होते. मी वही मिटली. असल्या वेळी काय लिहायचं असतं, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

सदाशिवराव परत उठले. त्यांनी वामनरावांकडे पाहिलं, मग अंजनाबाईंकडे.

"वहिनी, असं काऊन बोलता?" ते म्हणाले. "गुरुवारी दुपारी पुरं गाव घराघरांच्या धाब्यांवर चढलं होतं. डोक्यावरून विमान गेलं. म्या उपरणं हलवलं, वामननं हात दाखवला. तुमचं हिरवं लुगडं बी दिसलं."

"हाव, हाव," पारावरून दहा-पंधरा जण म्हणाले. "आमी बी पाह्यलं."

अंजनाबाई सदाशिवरावांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बरं, मी तवा काय करत होती?"

"तुमी?" सदाशिवराव म्हणाले. "तुमी तं भेवानं डोळे मिटून बसल्या होत्या, वहिनी. तुमाले कसं ठाऊक राहीन?"