ताप येईल, सांगून ठेवते

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात गेल्या पंचवीस वर्षांत जन्मलेल्या एकाही माणसानं आमच्या सिस्टरसमोर तोरा मिरवून दाखवावा, मी भर चावडीत मिशी उतरवून देईन. मिरवणार कसा? आमच्या उपकेंद्राच्या या नर्सबाईंनी आख्खी पिढी उघड्या मांडीनिशी रडताना पाहिली आहे आणि दुर्दैव असं, की त्या काही म्हणजे काही विसरत नाहीत. आपण माणूस ओळखतो गावावरून, आडनावावरून. सिस्टर ओळखतात टोचणीवरून. एका लग्नात नवरदेव फेटा बांधून, काळा चष्मा लावून घोड्यावर बसला होता, पुढे पोरं बेभान नाचत होती. सिस्टर गर्दीतून थेट घोड्यापाशी गेल्या, नवरदेवाच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, "गोवराच्या सुईला माझं मंगळसूत्र तोडलं व्हतंस. आता बायकोचं तरी नीट बांध!" नवरदेव चष्मा काढून नमस्काराला इतका वाकला की घोड्यावरून खालीच यायचा. आमचे तरुण सरपंच ग्रामसभेत टेबलावर मूठ आपटून बोलत होते, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "दीड महिन्याचा असताना बी असाच लालबुंद व्हायचास. बस खाली, पाणी पी." सरपंच बसले. पाणीही प्याले.

दिसायला बाई एवढीशी. खांद्याला लशींचा निळा डबा अडकवला की मागून डबाच चालत आल्यासारखा दिसायचा. स्कूटीचे दोन्ही आरसे त्यांनी काढून टाकलेले. "मागं बघून काय करायचंय? राहिलेलं पोरगं पुढच्या घरी आहे," असं वर समर्थन. घरात शिरल्या की लशीचा ल सुद्धा काढायचा नाही, हा त्यांचा नियम. आधी चुलीपाशी बसणार. कांद्याला बाजार काय मिळाला, गाय किती दिवसांची गाभण आहे, म्हातारीचे गुडघे काय म्हणतात, हे सगळं झालं पाहिजे. म्हातारीशी आधी बोलायचं, सुनेशी नंतर, कारण "कार्डावर नाव आईचं असतं, पण सही सासूची चालती." चहा उकळून कपात येईपर्यंत समोरच्याला बोलू द्यायचं, आपण फक्त "बरं" म्हणायचं. आणि चहाला गुण देण्यात त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. एका पाटलीणबाईंना त्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "वहिनी, घर लई मोठं आहे तुमचं, पण चहात आलं घालायला कुणाची बंदी हाय का?" दुसऱ्या खेपेला त्या घरात आल्याचा नुसता ठसका उठला, आणि नातवाचा राहिलेला डोसही मुकाट झाला.

बापमंडळी घरी सापडत नाहीत म्हणून सिस्टर बेल्ह्याच्या बैलबाजारात जायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथे सौदा तोंडानं होत नाही. दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. आमच्या गावच्या एका गड्याचा खिल्लारी गोऱ्ह्याचा सौदा अगदी रंगात आला होता, तेवढ्यात रुमालाखाली तिसरा हात शिरला आणि त्यानं त्याची दोन बोटं करकचून दाबली. गडी दचकला. वर बघतो तर सिस्टर! "दोन डोस राहिलेत तुझ्या पोराचे. घरी गेले तर बायको म्हणती, त्यास्नी इचारा. म्हणून इचारायला आले." व्यापारी पोट धरधरून हसले. गडी मात्र जागच्या जागी बसला आणि त्याच्या मनात काय शंका होती ती त्यानं बैलाच्या आडोशाला सांगितली. सिस्टरांनी ती अर्धा तास ऐकली. गोऱ्हा त्या दिवशी विकला गेला नाही, पण त्याबद्दल त्यांना जराही खेद नव्हता.

पण सिस्टरांची खरी ओळख म्हणजे त्यांचं एक वाक्य. पोराला मांडीवर घेतल्यावर, सुई टोचायच्या आधी, त्या आईच्या डोळ्यांत बघून ठणकावून सांगायच्या, "ताप येईल, सांगून ठेवते. सुजंल, रडंल, एक-दोन दिवस अंगाला चिकटून राहील. औषध दिलंय ते सांगितलं तेवढंच द्यायचं. सुजेवर गार फडकं ठेवायचं. त्याहून काय येगळं दिसलं तर मला फोन. आणि आत्ता अर्धा तास इथंच बसायचं, घरी भांडी पळून जात न्हाईत." नवे आलेले डॉक्टरसाहेब एकदा वैतागून म्हणाले, "सिस्टर, लोकांना घाबरवता कशाला?" सिस्टर म्हणाल्या, "साहेब, न सांगता आलेला पावणा आन् न सांगता आलेला ताप, दोघांनाही घर शिव्याच घालतं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या ज्या घरी लस झाली त्या प्रत्येक दारात त्यांची बिनआरशाची स्कूटी हजर. हे त्यांना कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं, असं लोक कौतुकानं विचारायचे. कोणत्याही नाही. ते त्या शिकल्या माझ्या घरी, आणि त्याची फी दुसऱ्याच घरानं भरली. आता सांगतोच.

मी शाळामास्तर. त्यातून विज्ञानाचा. गाव राजुरीच्या अंगाला, वडिलांची म्हणजे आबांची अजून वीसेक मेंढरं. दहा वर्षांपूर्वी माझी मुलगी दीड महिन्याची असताना बायको तिला पहिल्या लशीला घेऊन गेली. त्या दिवशी उपकेंद्रात ही गर्दी, मदतीला कुणी नाही, आणि सिस्टर घाईघाईत एवढंच बोलल्या, "काही होत नाही, न्या घरी." संध्याकाळी पोर तापानं फणफणली. मांडीवर सुपारीएवढी कडक गाठ. आधी दोन तास रडली, मग रडायची थांबली, ते जास्त भयंकर होतं. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, बायको रडायला लागली, आणि विज्ञानाचा मास्तर मोबाइलवर नाही नाही ते वाचत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला, पोर खदखदून हसायला लागली, पण माझं डोकं उतरलं नाही. मी जाहीर केलं, या घरात पुन्हा सुई येणार नाही. मास्तर म्हणतोय म्हटल्यावर कोण बोलणार? मढला दिलेली माझी धाकटी बहीण, तिचा मुलगा माझ्या मुलीच्या आगेमागेच झालेला. तिला तर मी फोनवर अर्धा तास व्याख्यान दिलं.

सिस्टरांना कळलं तशा त्या आल्या. मी तयारीतच होतो. मोबाइलवर वाचलेलं सगळं त्यांच्या अंगावर फेकलं. त्यांनी एकही मुद्दा खोडला नाही. चहा आला, तो फुंकून प्याल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, हे झालं मोबाइलचं. तुमाला सोताला भीती कशाची वाटली?"

याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "ती माझ्या मांडीवर निपचित पडली होती, सिस्टर. मला वाटलं, गेली."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी अंगणात बसलेल्या आबांना विचारलं, "आबा, मेंढरांना लस टोचली की काय व्हतं?"

"एक दिस चरत न्हाईत. मान टाकून बसत्यात," आबा म्हणाले.

"मग घाबरता का?"

"घाबरायचं काय त्यात? डॉक्टर आधी सांगून जातो की."

मला वाटलं, आता ही बाई मेंढरांवरून माझी अक्कल काढणार. पण सिस्टर माझ्या बायकोकडे वळल्या. "बघ बाई, मेंढरांच्या डॉक्टरनं सांगितलं, आन् मी तुला सांगितलं न्हाई. चूक माझी. आई, तुमी बी मला माफ करा." एवढं म्हणून उठल्या आणि गेल्या. आता मुलीला आणा, असं म्हणाल्या सुद्धा नाहीत. सरकारी माणूस आपल्या दारात येऊन चूक कबूल करतो, हे आईनं सत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. ती हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, "आरं, बाई खरी हाय."

खरं तर दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन जायला हवं होतं. पण मास्तर ना मी! बोललेला शब्द मागे कसा घेणार? सिस्टर येत राहिल्या. दर पंधरवड्याला चहा, मुलीचं वजन, आबांशी पावसापाण्याच्या गप्पा, जाताना फक्त, "मास्तर, दार उघडं आहे." मी मान हलवायचो. अशी माझी ऐट सात-आठ महिने चालली.

मग मढच्या बाजूला गोवर निघाला. बहिणीचा पोरगा अकरा महिन्यांचा. अंगभर पुरळ, छातीत कफ, कान फुटले, दवाखान्यात अठरा दिवस. मी पोचलो तेव्हा बहीण कॉटच्या कडेला बसली होती. रागावली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तूच म्हणाला होतास ना, नको देऊ म्हणून?" पोरगा वाचला, देवाची कृपा. पण त्याच्या उजव्या कानाला ऐकू येत नाही.

तिथून परत येताना मी घरी न जाता उपकेंद्रात गेलो आणि सिस्टरांपुढे उभा राहून लहान पोरासारखा रडलो. मी केलं हे, माझ्यामुळे झालं, असं काहीबाही बोलत होतो. "सांगत नव्हते का?" असं त्या म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी आधी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्यांचेही डोळे भरले होते. म्हणाल्या, "एकट्यानं सगळी चूक घेऊ नका, मास्तर. त्यात अर्धी माझी हाय. त्या दिवशी दोन मिनिटं थांबून सांगितलं असतं, तर तुमी असं बोललाच नसता. अर्धी अर्धी वाटून घेऊ. आन् आता पोरीला घेऊन या." दुसऱ्या दिवशी मुलीला मी स्वतः मांडीवर धरलं. त्या वेळी ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, "ताप येईल, सांगून ठेवते." ताप आला. मी तिच्या अंगावर हात ठेवून बसलो, आणि मला भीती वाटली नाही. सकाळी दारात स्कूटी. "आला का?" "आला." "सांगितल्यापरमाणं आला ना? मग चहा टाका."

त्यानंतर मढला बहिणीच्या घरी त्या स्वतः गेल्या. त्यांच्या हद्दीतलं गाव नव्हतं ते. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, बहिणीनंही कधी सांगितलं नाही. पण तिच्या दुसऱ्या मुलीची एकही लस चुकली नाही, आणि भाऊबीजेला तिनं मला पुन्हा ओवाळलं.

दोन वर्षांपूर्वी सिस्टर निवृत्त झाल्या आणि आंबेगावात लेकाकडे राहायला गेल्या. निरोपाला एवढी माणसं आली की लेकुरवाळ्या आया, मिशीवाले बाप्ये आणि सरपंच सगळे एका रांगेत उभे, आणि सिस्टर एकेकाची जुनी मांडी भर मांडवात सांगतायत. आता नवीन सिस्टर आहेत, तरुण, हुशार, गोड बोलतात. परवा शाळेत पाचवीच्या मुलांना धनुर्वाताची सुई द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल." रांगेतून माझी मुलगी म्हणाली, "नाही, दुखतं. दंड ठणकतो. कुणाला तापही येतो. पण जातो." नवीन सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खरं आहे ते, सांगून ठेवा."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी गाडी काढली आणि वर्गातल्या पोरांच्या घरी एकेक करून निघालो. पहिलंच घर पलीकडच्या मळ्यातलं. पोरगी ओट्यावर बसून भाकरी खात होती, दंड जरा धरून. तिची आजी दारात आली, मला बघून थबकली, मग हसली.

"मास्तर, तुमी? जुन्या शिस्टरनं धाडलं व्हय?"

"हो," मी म्हणालो, आणि चहाला बसलो.